सिंह राशीतला धुळीत दडलेला तारा अगाशीवरून कॅमेऱ्यात येईल का?

निशाचर_बडोदा: नमस्कार मंडळी, मघाच्या जरा पश्चिमेला सीडब्ल्यू लिओनिस म्हणून मरायला टेकलेला तारा आहे, १९६९च्या २ मायक्रॉन सर्व्हेत (आकाशाच्या इन्फ्रारेड पाहणीत) सापडलेला. ५ मायक्रॉन तरंगलांबीच्या इन्फ्रारेड उजेडात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बघितलं तर सूर्यमालेबाहेर आकाशात सगळ्यात तेजस्वी तोच, आणि रावपुऱ्यात आमच्या अगाशीवरून ८ इंची डॉबमधून (डॉब्सोनियन दुर्बिणीतून) तिथे नुसता काळोख! एवढं तेज जातं कुठे? जुन्या डीएसएलआरमधला आयआर (इन्फ्रारेड अडवणारा) फिल्टर काढून घेतलाय, त्यात ताऱ्याभोवतीची धुळीची कवचं येतील का?

धूमकेतू: तेज कुठेच जात नाही हो. हा कार्बन तारा आहे, बाहेर फेकलेला वायू थंड झाला की त्यातून काजळीसारखे कण बनतात, ते ताऱ्याचा उजेड गिळतात, तापतात आणि तीच ऊर्जा इन्फ्रारेडमध्ये सोडतात. साधारण ३०० केल्विनची (म्हणजे २७ अंश सेल्सिअसची) धूळ १० मायक्रॉनच्या आसपास सगळ्यात जास्त चमकते, आणि तुमच्या कॅमेऱ्याचा सिलिकॉन सेन्सर १.१ मायक्रॉनच्या पुढे आंधळाच! फिल्टर काढून तारा ठिपक्यासारखा येईल कदाचित, कवचांची ऊब काही यायची नाही.

निशाचर_बडोदा: मग थर्मल कॅमेरा लावला तर? ते ८ ते १४ मायक्रॉन बघतात ना.

मीनल_ताई: दादा, आरसा, नळी, डोक्यावरची हवा सगळंच ३०० केल्विनला, म्हणजे सगळंच १० मायक्रॉनला चमकतंय, भर दुपारी तारे शोधण्यासारखं आहे ते. शिवाय आयपीसची (डोळा लावायच्या भिंगाची) साधी काच ही किरणं पलीकडे जाऊच देत नाही. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीवरचं मिरी हे इन्फ्रारेड उपकरण ७ केल्विनच्याही खाली थंड ठेवतात ते उगाच नाही. त्याच मिरीचा डब्ल्यूआर १४० नावाच्या ताऱ्याचा २०२२ मधला फोटो जरूर बघा, एकात एक १७ कवचं! तिथे दोन तारे आहेत, साधारण ८ वर्षांनी एकमेकांच्या जवळ आले की त्यांचे वारे (ताऱ्यांतून वाहणारा वायू) आदळतात आणि धुळीचं नवं कवच सुटतं, म्हणजे शंभरावर वर्षांचा हिशोब एका फोटोत. मी तो झूम करून करून बघितलाय, मन भरत नाही.

धूमकेतू: आणि डॉब रिकामा ठेवू नका. मीरा हा तारा घ्या, तीही अशीच धूळ सोडणारी म्हातारी, साधारण ३३२ दिवसांत उजळते आणि विझते. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून तिची प्रत (तेजाचा आकडा) लिहायची आणि एएव्हीएसओला (बदलत्या ताऱ्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या संस्थेला) पाठवायची, त्याला कॅमेरासुद्धा लागत नाही.

निशाचर_बडोदा: मीराचा चार्ट आजच उतरवून घेतो. मीनलताई, वेबचा तो फोटो फुल साइजमध्ये असेल तर लिंक टाका ना.