पार्किंग ग्रुप: एअर काढली, तरी ब्रेकचं पेडल खोल का जातंय?

बी-५०३: नमस्कार मंडळी, गाडीतलं कळणाऱ्यांनी जरा मदत करा. २०१३ ची हॅचबॅक आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. मागच्या डाव्या चाकाचा व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने ब्रेक शू ढकलणारा) गळत होता, तो बदलला. दोन्ही बाजूंचे ब्रेक शूही (ड्रमला आतून घासणारे) नवीन टाकले. दुपारपासून खाली पार्किंगमध्ये ब्रेक ऑइलच्या लाइनमधली एअर, म्हणजे हवा, काढतोय. बायको पेडलवर, मी चाकापाशी निपलवर (एअर काढायचा स्क्रू). नळीतून आता एकही बुडबुडा येत नाही, तरी पेडल खोल जातंच आहे. रविवारी आई-बाबांना घेऊन कुंभार्ली घाटातून चिपळूणला जायचंय.

सी-२०४: पेडल ठीक होईपर्यंत गाडी गेटबाहेर काढू नका दादा. ट्रायलला म्हणूनसुद्धा नको.

ए-१०२: खोल जातं म्हणजे नक्की कसं, ते आधी सांग. इंजिन बंद ठेवून दाबून बघ. पायाखाली लिबलिबीत लागतं आणि पंप केल्यावरही लिबलिबीतच राहतं? की पहिल्यांदा खोल जातं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येऊन कडक होतं? की पाय तसाच दाबून ठेवला तर सावकाश खाली सरकत राहतं? तिन्हींची कारणं वेगळी आहेत रे. हे न बघता नुसती एअर काढत बसलं की ऑइल संपतं आणि दोष जागच्या जागी राहतो.

बी-५०३: काका, दुसरं. पहिल्या दाबाला खोल, दुसऱ्याला वर आणि चांगलं कडक. पाय धरून ठेवला तर सरकत नाही.

ए-१०२: मग मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा) बहुतेक ठीक आहे. त्याचे आतले रबर गेले असते तर बाहेर थेंबही न गळता पेडल हळूहळू तळाला गेलं असतं. आता हँडब्रेक पूर्ण ओढ आणि मग पेडल दाब. पहिल्याच दाबाला वर आलं तर तुझ्या लाइनमध्ये हवा नाही. शू आणि ड्रममध्ये फट जास्त आहे. ती फट भरेपर्यंतच पेडलचा निम्मा प्रवास खर्ची पडतो.

बी-५०३: खाली जाऊन बघतो.

डी-७०१: काका, तोवर माझं विचारू का? मी ऑनलाइन हातपंप मागवला, निपलला लावून ऑइल ओढायचा. त्यात बारीक बुडबुडे येतच राहतात, थांबत नाहीत. लाइनमध्ये एवढी हवा कुठून येत असेल?

ए-१०२: ती लाइनमधली असेलच असं नाही. निपल ढिला केला की त्याच्या आट्यांमधून बाहेरची हवा पंपाकडे ओढली जाते. एकसारखे बारीक बुडबुडे सतत येत असतील तर शंका तिथेच घ्यावी. शेवटचा हात पेडलनेच मारा. पारदर्शक नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवून ठेवा. आतल्याने पेडल दाबून धरायचं, मग तुम्ही निपल उघडायचा, ऑइल आलं की बंद करायचा आणि बंद केल्याचं सांगितल्यावरच आतल्याने पाय उचलायचा. पाय आधी सुटला की बाहेरची हवा परत आत गेली. "दाब" आणि "सोड" मोठ्याने बोला, खुणांवर राहू नका.

आणि जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू देऊ नका. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. एरवी मास्टर सिलिंडरचे रबर वरच्या भागातच फिरतात. खालच्या भागात गंज आणि गाळ साचलेला असतो. तिथे ते एकदम गेले की फाटतात, आणि मग चांगली गाडी दुसऱ्या दिवशी बिघडते.

सी-२०४: एबीएस असलेल्यांनी अजून एक लक्षात ठेवा. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे, म्हणजे आपल्या पार्किंगमधल्या बऱ्याच गाड्यांना असणार. ब्रेक ऑइलची टाकी पूर्ण रिकामी होऊन हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरली तर घरच्या पद्धतीने ती सहसा निघत नाही. स्कॅनर जोडून आतला पंप चालवावा लागतो. त्यामुळे टाकीतलं ऑइल किमान खुणेच्या खाली जाऊच देऊ नका. मी ऑफिसमध्ये ब्रेकच्या टेस्टिंगमध्येच आहे, हा प्रकार वारंवार बघते.

ए-१०२: ताई अगदी बरोबर. टाकी रिकामी झाली की मास्टर सिलिंडरमध्येही हवा अडकते. मग चारही चाकं केली तरी पेडल स्पंजीच राहतं.

ई-३०३: माझ्या गाडीचा पुढचा कॅलिपर (डिस्कला पकडणारा भाग) बदलून आणला, तेव्हापासून पेडल स्पंजी आहे. तेही यातच येतं का?

ए-१०२: निपल वरच्या बाजूला आहे का बघा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर निपल खाली येतो. हवा वर जाते, ऑइल खालून निघतं. कितीही ऑइल ओतलं तरी ती हवा तिथून हलत नाही.

सेक्रेटरी: सगळ्यांना विनंती, काम संपल्यावर जागा साबणाच्या पाण्याने धुवा. ब्रेक ऑइलने रंग उडतो. शेजारी दुसऱ्यांच्या गाड्या असतात. लहान मुलं तिथे खेळायलाही येतात, बाटली उघडी ठेवू नका.

बी-५०३: काका!! हँडब्रेक ओढल्यावर पहिल्याच दाबाला पेडल वर आलं. कडक.

ए-१०२: सापडलं. आता गडबड न करता कर. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लाव, मग हँडब्रेक सोड. मागून गाडी घोडीवरच (जॅक स्टँडवर) हवी, नुसत्या जॅकवर अजिबात नको. हँडब्रेकची केबल आधी ढिली कर. ती ताणलेली असेल तर शू आपल्या जागेवर बसत नाहीत, शूची फट आपोआप भरणारा ऑटो ॲडजस्टरही काम करत नाही. मग ॲडजस्टर वाढवत जा. चाक हाताने फिरव, शू किंचित घासल्याचा आवाज यायला हवा, पण चाक अडता कामा नये. दोन्ही बाजू सारख्या कर. पेडल काही वेळा दाबून शू मधोमध बसू दे आणि चाक परत फिरवून बघ. हँडब्रेकची केबल अगदी शेवटी.

बी-५०३: आणि ऑइल? घरात गेल्या वर्षीची अर्धी बाटली आहे, डॉट ४ ग्रेडची. टाकी थोडी कमी आहे.

ए-१०२: ती नको. नवीन सीलबंद आण. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आपल्या पावसाळ्यात तर फारच. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा शिरल्यावर तो किमान १५५ असावा लागतो. घाट उतरताना ब्रेक तापतात, ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफ होते आणि पेडल सरळ खाली जातं. म्हणूनच कुंभार्लीचं नाव वाचून मी एवढं विचारतोय. झाकणावर जो ग्रेड छापलाय तोच घाल. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. इंजिन ऑइलचा तर थेंबही नको, सगळे रबर फुगतात.

सी-२०४: आणि दादा, घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर या, सतत ब्रेकवर पाय नको.

बी-५०३: झालं! पेडल पहिल्याच दाबाला वर. इंजिन चालू केल्यावर मात्र थोडंसं खाली गेलं, ते चालेल का?

ए-१०२: सुरू करताना एकदाच थोडं बसतं, तो बूस्टर (ब्रेक दाबायला जोर देणारा भाग) चालू असल्याचा पुरावा आहे. त्यानंतर इंजिन चालू ठेवून एक मिनिट जोर लावून धर. सरकलं नाही तर ठीक. मग पार्किंगमध्येच चालण्याच्या वेगाने पुढे-मागे, पायाचा आणि हाताचा ब्रेक दोन्ही बघ. उद्या सकाळी टाकीची पातळी बघ आणि नव्या व्हील सिलिंडरपाशी टॉर्च मारून ओल आहे का ते पाहा. ओल दिसली तर निघायचं नाही, मला हाक मार.

बी-५०३: हो काका. जुनं ऑइल काय करू?

सेक्रेटरी: गटारात नको. झाकणाच्या बाटलीत भरून वर "ब्रेक ऑइल" असं लिहा आणि वॉचमन केबिनमध्ये ठेवा. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला वापरलेलं ऑइल घेतो, त्याच्याकडे पाठवतो.

सी-२०४: चाकांचे नट आवळायला माझा टॉर्क पाना घेऊन जा, दारात ठेवलाय.