राउटर दुपारी आणि लाइट आल्यावर सारखा रीस्टार्ट होतोय: उष्णता की अडॅप्टर?

वऱ्हाडकर_नेट

अकोल्यात सध्या दुपारी पारा ४३-४४ वर जातोय. घरचा ड्युअल बँड राउटर बारा ते चारच्या दरम्यान मध्येच बंद पडून आपोआप सुरू होतो. लाइट जाऊन परत आली की अर्ध्या तासात पुन्हा तेच. रात्री काही त्रास नाही.

टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात खाली फायबरचा ओएनटी (म्हणजे फायबरची वायर येते तो मोडेम), त्याच्यावर राउटर, शेजारी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस. राउटरचा मूळ १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर यूपीएसच्या इनपुटला आहे आणि यूपीएसवर राउटर व ओएनटी दोन्ही चालतात. अडॅप्टरची पिन काढून मल्टिमीटर लावला तर १२.२ व्होल्ट दाखवतो, म्हणजे तो ठीक असावा. पंखा लावून भागेल, की राउटरच बदलू?

तारजोडणी

पंख्याचं नंतर बघू. आधी राउटर खरंच रीस्टार्ट होतोय की नुसतं नेट तुटतंय, ते नक्की करा. राउटरच्या सेटिंगमध्ये स्टेटसच्या पानावर ‘सिस्टीम अपटाइम’ (सुरू झाल्यापासून झालेला वेळ) असतो. घोळ झाल्या झाल्या तो बघा.

अपटाइम शून्यापासून सुरू झाला असेल तर रीस्टार्ट झालाय. सिस्टीम लॉगमध्येही खूण सापडते: बहुतेक घरगुती राउटरांत घड्याळाची बॅटरी नसते, त्यामुळे रीस्टार्टनंतरच्या पहिल्या काही नोंदींवर जुनीच कुठली तरी तारीख पडते आणि इंटरनेटवरून वेळ मिळाली की ती दुरुस्त होते. अपटाइम चालूच असेल आणि ओएनटीवर ‘लॉस’चा (फायबरचा सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागत असेल तर दोष फायबरमध्ये आहे. ओएनटीच्या पानावर ऑप्टिकल पॉवर (फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद) उणे २७ डीबीएमच्या खाली (उणे २८, २९) दिसली तर लाइनवाल्याला बोलवा, अडॅप्टर बदलून काही होणार नाही. आणि अपटाइम चालू, लाल दिवा नाही, पण ५ गिगाहर्ट्झचं वायफाय गायब होतंय, तर मात्र उष्णतेचा संशय घ्यायचा.

सर्किट_सांगली

त्या १२.२ वर विसंबू नका. पिन मोकळी ठेवून मोजलं की मरायला टेकलेला अडॅप्टरसुद्धा पूर्ण व्होल्ट दाखवतो. मोजायचं ते लोड देऊन, म्हणजे करंट ओढणारं काही जोडून.

लोड म्हणून मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब घ्या, तो साधारण ०.८ अँपिअर ओढतो. स्क्रूवाला डीसी फीमेल जॅक इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, त्याला बल्बच्या दोन वायरी जोडा. अडॅप्टरची पिन जॅकमध्ये घाला आणि स्क्रूवरच मीटरचे प्रोब टेकवा. सुरुवातीला बल्ब एक-दोनदा लुकलुकला तर तो दोष धरू नका, थंड फिलामेंट क्षणभर बराच जास्त करंट ओढतं. पाच मिनिटं जळू द्या आणि मग वाचा. बल्ब चांगलाच तापतो, हात लावू नका. ११.५ व्होल्टच्या वर टिकला तर अडॅप्टर चांगला, ११ च्या खाली गेला तर बाद. ही चाचणी भर दुपारी, अडॅप्टर तासभर चालून तापलेला असताना करा. सकाळी गार अडॅप्टर पास होईल आणि तुमची फसगत होईल.

बिघडतं काय, तर आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (चार्ज साठवून व्होल्ट स्थिर ठेवणारे भाग). १०५ अंशांवर २००० तासांचं आयुष्य छापलेला कपॅसिटर दर १० अंश गार ठेवला की ढोबळमानाने दुप्पट टिकतो. ८५ अंशांना ८००० तास, ६५ अंशांना ३२,०००. राउटर वर्षाला ८,७६० तास चालतो, तेव्हा बंद कप्प्यात काय होतं त्याचा हिशेब तुम्हीच करा.

अडॅप्टर उघडू मात्र नका. मेन्सच्या (घरच्या लाइनच्या) बाजूच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो.

वऱ्हाडकर_नेट

अपटाइम दर वेळी शून्यावर येतो, लाल दिवा नाही. बल्ब लावून दुपारी मोजलं: सुरुवातीला ११.४, पाच मिनिटांनी १०.३. अडॅप्टरला हात लावून धरवत नाही. आता १ अँपिअरचाच नवा आणू का?

सर्किट_सांगली

अडॅप्टर गेलाच आहे, पण १ अँपिअरचा नवाही तुमच्याकडे टिकणार नाही. राउटर साधारण ०.६ अँपिअर, ओएनटी ०.४, इथेच एक पूर्ण झाला. त्यात लाइट आल्यावर यूपीएस आपली रिकामी बॅटरी चार्ज करायला आणखी अर्धा-पाऊण अँपिअर मागतो. अडॅप्टरचे व्होल्ट घसरतात, आणि सावरून धरायला बॅटरीत तेव्हा काहीच नसतं. लाइट आल्यावर अर्ध्या तासात रीस्टार्ट होतो तो यामुळे.

१२ व्होल्ट २ अँपिअरचा घ्या. यूपीएसच्या लेबलवर इनपुट किती लिहिलंय ते एकदा वाचा. अँपिअर जास्त चालतात, उपकरण लागेल तेवढंच ओढतं. व्होल्ट मात्र तेच हवेत आणि मधली पिन प्लस हवी, लेबलवर त्याची आकृती असते. पिनचं माप बघा: ५.५ × २.१ आणि ५.५ × २.५ मिलिमीटर बाहेरून सारख्याच दिसतात. २.५ ची पिन २.१ च्या सॉकेटात जाते, पण सैल बसते, आणि वायरीला धक्का लागला की राउटर बंद. अडॅप्टरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असलेलाच घ्या.

राउटरला जोडलेली यूएसबी हार्ड डिस्क असेल तर तिचे ४-५ वॅट वेगळे धरा.

गच्चीवरचा_अँटेना

अडॅप्टरचं निदान बरोबर आहे, पण तो कप्पाही सोडा. घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात बहुधा ० ते ४० अंश लिहिलेलं असतं आणि ते भोवतालच्या हवेचं तापमान असतं. खोलीतच ४० असेल तर बंद कप्प्यात राउटर त्या मर्यादेबाहेरच चालतोय. ओएनटी आणि राउटर एकावर एक ठेवू नका. राउटर भिंतीवर उभा लावा, जाळ्या वर-खाली येतील असा, आणि चारी बाजूंनी १० सेंटिमीटर मोकळे. ओएनटी हलवताना फायबरच्या पिवळ्या किंवा पांढऱ्या वायरीला घडी पडू देऊ नका, वळण मोठं ठेवा. जाळीतून टॉर्च मारून आत बघा. उबेला झुरळं राहतात आणि त्यांच्या विष्ठेने बोर्डावर शॉर्ट होतो.

एवढं करूनही वायफाय गळत असेल तर १२ व्होल्टचा १२० मिलिमीटर पंखा यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालवा. आवाज येत नाही, वारा पुरतो. काही पंखे ५ व्होल्टवर सुरूच होत नाहीत, दुकानात लावून बघा. त्याला वीज राउटरच्या यूएसबीतून देऊ नका, मोबाइलचा जुना चार्जर वापरा.

आणि मिनी यूपीएस तर आजच त्या कप्प्यातून बाहेर काढा. आत लिथियम आयन सेल असतात, ते साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात. तुमच्या कप्प्यात दुपारी तेवढं सहज होतं. यूपीएसचं आवरण फुगलेलं, सांधा उघडलेला किंवा गोडसर वास येत असेल तर तो पुन्हा चार्जिंगला लावू नका, प्लग काढून मोकळ्या जागी फरशीवर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. तोवर राउटर आणि ओएनटी आपापल्या अडॅप्टरवर थेट चालवा.