मदत हवी आहे : लांब चालीनंतर घोडीची कूस उडते

राम राम मंडळी. दारव्हा तालुक्यातून लिहितोय. रविवारी घोडीला उन्हात 40 किलोमीटर दुडकीनं नेलं. घरी आली तेव्हा मानेवर मिठाची पांढरी पुटं, पण बादलीला तोंड लावेना. कूस, म्हणजे बरगड्यांमागची पोटाची बाजू, एकसारखी उडत होती. छातीला हात लावून पाहिला, तर हृदयाच्या ठोक्याबरोबरच! डॉक्टर म्हणाले, कॅल्शियम उतरलंय. सलाईनमधून हळूहळू दिलं, तेव्हा थांबलं. जीव भांड्यात पडला.

त्यांनी समजावलं की घोड्याच्या घामातून पाण्यासोबत सोडियम, पोटॅशियम, क्लोराईड भरपूर जातं, रक्तातलं मीठ दाट होत नाही, म्हणून कोरडी पडूनही तिला तहान कळत नाही. हे मला आधी माहीत असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी रक्तात सीके, एएसटी (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम) दोन्ही वाढलेले. लघवी तांबडी नाही. सीके लवकर उतरतं, एएसटीला वेळ लागतो म्हणतात, मग पुन्हा तपासणी कधी करावी? तोवर नुसती हातात धरून फिरवू का? खायला हरभऱ्याचं कुटार आणि चणे आहेत. चालीआधी, वाटेत मीठ कसं, किती देता? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा, पुढच्या आठवड्यात वरातीचं काम आहे, पण तिला त्रास होणार असेल तर मी ते सोडून देईन.