मोगली तुम्हाला पहिल्यांदा कुठे दिसला?

प्रश्न (नागपूरकर): १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'द जंगल बुक' लागायचं. आमच्या घरी टीव्ही नव्हता. समोरच्या काकूंकडून चड्डीवाल्या फुलाचं गाणं ऐकू आलं, की अर्धी आंघोळ सोडून पळायचो. काकू दारातच विचारायच्या, "पाय पुसले का बे?" बसायला जागा दिवाणाखाली, तिथून पडद्याचा वरचा भाग झालरीमागे जायचा. पण आवाज तर येत होता! शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा, हे फार नंतर कळलं. तुमचं काय?

उत्तर १: आमचा ब्लॅक अँड व्हाइट होता. बगीरा तेवढा बरोबर दिसायचा, बाकी सगळे मनाने रंगवायचे. दादा गच्चीवर अँटेना फिरवायचा, आम्ही खालून "आलं, आलं... गेलं!"

उत्तर २: मूळ मालिका जपानी बरं का, निप्पॉन ॲनिमेशनची, १९८९ ची. हिंदी गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजची. मला तर ती शंभर टक्के आपलीच वाटायची.

नागपूरकर: @२ आपलीच की! मूळ पुस्तक लिहिणाऱ्या किपलिंगचं जंगल सिवनीचं. तिथलं पेंचचं जंगल आमच्या नागपूरहून गाडीने दोन-अडीच तासांवर. मी लहानपणी बाबांना म्हणायचो, मोगलीला भेटवून आणा. ते म्हणायचे, आधी पाढे.

उत्तर ३: आणि ऐन रंगात आलं की लाइट जायची. त्या भागात पुढे काय झालं ते कोणाला आठवत असेल तर सांगा, मी अजून अडकलोय.