‘सोडून देणे’ आणि ‘विसरणे’ यांत फरक काय?

नागपूरच्या धरमपेठेतून प्रश्न : ध्यानवर्गात ‘भूतकाळ सोडून द्या’ असं सांगतात आणि त्याच दमात ‘विसरून जा’ही म्हणतात. दोन्ही एकच का? आमच्या घरी तर ‘भूतकाळ’ कुणी म्हणतच नाही. आजी म्हणते, “काहून धरून बसली तू? जाऊ दे नं आता.”

महालातून : एकच नाहीत. विसरणं आपल्या हातात नसतं. आठवण विरते तेव्हा विरते. सोडणं मात्र ठरवून होतं. दानाचा संकल्प करताना हातावरून पाणी सोडतात, त्यावरून ‘पाणी सोडणे’ आलं. हक्कावर पाणी सोडणाऱ्याला आपला हक्क काय होता ते नीट ठाऊक असतं.

आजींचं ‘जाऊ दे’ मला सगळ्यांत आवडतं. त्यात जाणारी ती गोष्ट असते, आपण फक्त अडवायचं थांबवतो. उलट बाजूची क्रियापदं पाहा : धरून बसणे, उकरून काढणे, उगाळणे. सहाणेवर थोडं पाणी घालून खोड त्याच जागी फिरवत राहिलं की गंध ओलं राहतं. हात थांबला की ते वाळतं. जुनं दुःख उगाळणं म्हणजे नेमकं हेच.

आपल्या तान्ह्या पोळ्याचंच घ्या. १८८०च्या दशकापासून त्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापिडेचे मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात. ‘इडापिडा घेऊन जा गे मारबत’ असं ओरडताना कोणी काही विसरत नाही. सोबतच्या बडग्यांवर, म्हणजे दुसऱ्या पुतळ्यांवर, तर त्या वर्षाचा राग नावानिशी लिहिलेला असतो. आधी नाव घ्यायचं, मग वेशीबाहेर धाडायचं.

इंदोऱ्यातून : ‘त्याग करणे’ राहिलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी १९व्या प्रतिज्ञेत जुन्या धर्माचा त्याग आणि धम्माचा स्वीकार एकाच वाक्यात येतो. झालेला अन्याय कुणी विसरलं नाही, विसरायचा नव्हताच. जुनं सोडताना नवं काय धरायचं हेही तिथे सांगितलंय, म्हणून ते सोडणं टिकलं. ध्यानवर्गात हा दुसरा भाग बरेचदा सुटतो, असं मला मनापासून वाटतं.

धरमपेठेतून : मग ‘मी ते विसरले नाही, पण सोडून दिलं’ हे वाक्य बरोबर?

महालातून : अगदी बरोबर. ‘सोडून दिलंय’ म्हणालात तर ते अजूनही सोडलेलंच आहे, हेसुद्धा कळेल.