सल्ला हवा: थेरपी नेमकी कोणती घ्यायची? (पॅनिक / नाशिक / बजेट ८००)

घाटावरची | रविवार, रात्री ११:२०
वय ३७, नाशिक. आई ठाण्याला एकटी असते. दर पंधरा दिवसांनी मी स्वतः गाडी चालवत जायचे. फेब्रुवारीत कसारा घाट उतरत होते. घाटनदेवी मागे पडली आणि एकदम धडधड, हात बधिर, आता आपलं काही खरं नाही असं वाटलं. गाडी कशीबशी कडेला घेतली. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, सगळं नॉर्मल. त्यानंतर आणखी तीनदा झालं, त्यातलं एकदा लिफ्टमध्ये. आता घाट बंद, लिफ्ट बंद, मॉलचं बेसमेंट पार्किंग बंद. फिजिशियन म्हणाले पॅनिक अटॅक आहेत, थेरपी घ्या. कोणती, ते काही बोलले नाहीत. शोधायला बसले तर सीबीटी, आरईबीटी, डीबीटी, ईएमडीआर... यापेक्षा मोबाइल रिचार्जचे प्लॅन बरे.
अटी: मराठीतून, शक्यतो नाशिकमध्ये, समोरासमोर. एका बैठकीला ८०० रुपये. गोळ्यांना विरोध नाही, पण आधी थेरपी करून बघायची आहे.

परदेशी_पाणी | रविवार, रात्री ११:४८
सायकोडायनॅमिक घे, डोळे झाकून. मी न्यू जर्सीत अडीच वर्षं करतोय, दर गुरुवारी, १८० डॉलर. पहिले सहा महिने नुसतं बोलायचं, समोरची बाई फक्त ऐकते. मग हळूहळू कळतं की आपण बॉसवर चिडतो तेव्हा खरं कुणावर चिडलेलो असतो. बाकीचे प्रकार म्हणजे मलमपट्टी. आणि ८०० काय? मनावर खर्च करताना कचरू नये.

घाटावरची | सोमवार, सकाळी ७:०५
१८० डॉलरमध्ये आमच्याकडे लेकीची शाळेची व्हॅन सहा महिने चालते. बजेट ८००च आहे.

भाऊकाका_सिन्नर | सोमवार, सकाळी ७:३०
ताई, घाटाचा त्रास आहे ना? मग घाटाने जाताच कशाला! समृद्धी पूर्ण झालाय. इगतपुरीला चढायचं, बोगद्यातून सरळ भिवंडीजवळ आमणे. घाट दिसतसुद्धा नाही. मी जूनपासून चार वेळा गेलो. थेरपीचे पैसे टोलला वापरा.

मिरची_भजी | सोमवार, सकाळी ७:४१
काका, तो बोगदा जवळजवळ ८ किलोमीटरचा आहे. लिफ्टमध्ये जीव घाबरतो तिला बोगद्यात पाठवताय?

भाऊकाका_सिन्नर | सोमवार, सकाळी ७:४४
आत दिवे आहेत. मस्त उजेड असतो.

विवेकी_विठू | सोमवार, सकाळी ९:१५
विवेकनिष्ठ उपचारपद्धती, म्हणजे आरईबीटी. दुसरं काही बघूच नका. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसने १९५५ मध्ये मांडली, सीबीटी (विचार आणि वागणं बदलणारी थेरपी) काढणाऱ्या बेकच्या आधी. घटना आपल्याला त्रास देत नाही, घटनेबद्दलचा आपला हट्ट देतो. "मला घाटात काही होताच कामा नये" हा हट्ट. त्याऐवजी "झालं तर वाईट वाटेल, पण मी निभावेन." माझं स्टेजवर बोलण्याचं भय यानेच गेलं, परवा सोसायटीच्या सभेत चाळीस मिनिटं बोललो. ठाण्यात आयपीएच ही डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली मानसिक आरोग्याची संस्था आहे, तिथे या विचाराचं बरंच काम मराठीतून चालतं. आई ठाण्यातच आहे म्हणता, म्हणजे सोय झालीच.

घाटावरची | सोमवार, सकाळी ९:२२
ठाण्याला जायला मध्ये घाट लागतो हो विठूदादा.

मिरची_भजी | सोमवार, सकाळी ९:२५
चाळीस मिनिटं! सोसायटीचं काय झालं?

दोन_चमचे_साखर | सोमवार, दुपारी १:१०
ईएमडीआर. माझा २०१९ ला अपघात झाला होता, नंतर ट्रकचा हॉर्न ऐकला तरी घाम फुटायचा. थेरपिस्ट बोट डावी-उजवीकडे हलवते, आपण नजरेने मागे जायचं आणि ते दृश्य मनात आणायचं. फ्रान्सिन शापिरो नावाच्या बाईंना १९८७ मध्ये बागेत चालताना हे सुचलं म्हणे. आठ बैठकांत फरक पडला. ऑनलाइन होतं, बैठकीला २५००. जास्त वाटेल, पण वर्थ आहे.

अवेळी_चहा | सोमवार, दुपारी २:३०
थेरपी-बिरपी करा, पण झोपेच्या आणि 'घाबरल्यावर घ्या'वाल्या गोळ्यांपासून सांभाळून. मला एका डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी दिली होती, कधी बंद करायची ते सांगितलंच नाही. मी चार वर्षं खिशात पुडी घेऊन फिरलो. नंतर सोडताना जे हाल झाले ते मूळ त्रासापेक्षा वाईट. बाकी मी दिवसाला नऊ चहा पितो, मला तरी धडधड होत नाही.

रात्रपाळी | सोमवार, रात्री १०:५०
क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल. करतेय, त्यामुळे थोडं लांब लिहिते.
आधी नावांचा घोळ. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसविकारात एमडी किंवा डिप्लोमा केलेले डॉक्टर, औषध डॉक्टरच देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे एम.फिल. वगैरे करून भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदलेले असतात. नाव नोंदणीत आहे का ते तुम्ही तपासू शकता. 'समुपदेशक' या पाटीला मात्र तसं काही कुंपण नाही. दोन वर्षं एम.ए. करून उत्तम काम करणारे आहेत आणि शनिवार-रविवारचा कोर्स करून पाटी लावणारेही.
आता प्रकार. वर जे-जे आलं ते ज्याच्या-त्याच्या त्रासाला चाललं, त्यात खोटं काही नाही. ईएमडीआर मुख्यतः आघातानंतरच्या त्रासासाठी. डीबीटी मार्शा लिनेहान यांनी स्वतःला इजा करून घेणाऱ्या, भावनांचा फार तीव्र चढउतार असणाऱ्या लोकांसाठी उभी केली. सायकोडायनॅमिक लांब पल्ल्याचं, जुन्या नात्यांचे ठसे शोधणारं. पॅनिकसाठी सगळ्यात जास्त तपासलेली पद्धत सीबीटी आहे. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये पॅनिकचं जे चक्र मांडलं ते साधं आहे: हृदय जरा जोरात धडधडतं, आपण म्हणतो "हार्ट अटॅक आला", त्या भीतीने ते आणखी धडधडतं, मग आपली खात्रीच पटते.
हे चक्र तोडायला नुसतं समजावून भागत नाही. थेरपिस्ट मुद्दाम तीच लक्षणं आणायला लावते. खुर्चीत बसवून गोल फिरवणं, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावणं, जिना भराभर चढायला लावणं. धडधडलं, गरगरलं, तरी काही झालं नाही, हे शरीराला कळावं लागतं. मग लिफ्ट, मग बेसमेंट, मग घाट, पायरी-पायरीने. साधारण १० ते १५ बैठका धरा. आणि घाट, लिफ्ट, पार्किंग 'बंद' करणं हीच पॅनिकची खुराक आहे, रागावू नका.
पहिल्या फोनवर हे विचारा: शिक्षण काय, पॅनिकचे किती जण पाहिलेत, साधारण किती बैठका, उपयोग होतोय हे कशावरून ओळखायचं, आणि तुमच्या कामावर कुणा वरिष्ठांची देखरेख आहे का. हे विचारल्यावर जो चिडेल त्याच्याकडे जाऊ नका.

मिरची_भजी | सोमवार, रात्री ११:०२
+१. वाचनखूण साठवली.

विवेकी_विठू | सोमवार, रात्री ११:१०
सीबीटी ही आरईबीटीचीच धाकटी बहीण आहे, एवढं लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:१६
बेक १९६०च्या दशकात फिलाडेल्फियात नैराश्यावर स्वतंत्रपणे काम करत होते. पण बरं, चुलत बहीण म्हणू. प्रत्यक्षात बरेच थेरपिस्ट दोन्हीतलं उचलतात.

विवेकी_विठू | सोमवार, रात्री ११:१९
चुलत नाही, सख्खी.

काकडआरती | मंगळवार, पहाटे ५:१०
इगतपुरीला धम्मगिरीला दहा दिवसांची विपश्यना करा. पैसे लागत नाहीत, शेवटी मनात येईल ते दान. नऊ दिवस मौन, मोबाइल काढून घेतात. माझ्या नणंदेची अर्धशिशी गेली. घाटाच्या तोंडाशीच आहे, तिथूनच भीती पळेल.

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ८:४०
विपश्यना वाईट नाही, मीही केलीय. पण ती थेरपीची जागा घेत नाही. सध्या अटॅक येत असताना इतके दिवस मौनात, स्वतःच्या शरीरातल्या संवेदनांकडे बघत बसणं काहींना फार जड जातं. त्यांच्या अर्जातच मानसिक त्रासाबद्दल विचारलेलं असतं, ते लपवू नका.

काकडआरती | मंगळवार, सकाळी ८:५५
आजकालच्या मुलांना सगळंच जड जातं.

परदेशी_पाणी | मंगळवार, सकाळी ९:३०
इन्शुरन्समधून करा ना? आमच्याकडे कोपे असतो, म्हणजे थोडे पैसे आपण भरायचे, बाकी इन्शुरन्स.

अवेळी_चहा | मंगळवार, सकाळी १०:००
२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण हवं. मी फाइल घेऊन गेलो होतो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, काका, ॲडमिट झालात तर बघू, आठवड्याच्या बैठकांना तुमच्या पॉलिसीत ओपीडी नाही. म्हणजे कायद्याचा लाभ घ्यायला आधी नीट आजारी पडा.

डबेवाली_मावशी | मंगळवार, दुपारी १२:१५
कुणी सांगितलंय का माहीत नाही, सगळं वाचलं नाही. १४४१६ वर फोन कर बाळा. सरकारची टेलिमानस, ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट, मराठीत बोलतात. माझ्या भाच्याने रात्री दोन वाजता लावला होता, उचलला. ती काही तुझी दर आठवड्याची थेरपी नव्हे, पण जवळ कुठे जायचं ते विचारता येतं. सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी आहे तिथेही विचार. रांग असते, डबा घेऊन जा.

दोन_चमचे_साखर | मंगळवार, दुपारी १:००
ईएमडीआरवाल्या बाईंचा नंबर हवा असेल तर माझ्या विपुत (विचारपुशीत) लिहा. पहिली बैठक २०००ला करतील.

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११:३०
माझं मत शेवटचं: आरसीआयवाली व्यक्ती, सीबीटी, नाशिकमध्ये ८००त नसेल तर ऑनलाइन. ज्या संस्थांमध्ये शिकाऊ थेरपिस्ट देखरेखीखाली काम करतात तिथे फी कमी असते. आणि पहिल्या दोन-तीन बैठकांत माणूस जुळला नाही तर सरळ सांगून बदला. माणूस जुळणं हे पद्धतीइतकंच मोठं आहे. हे माझं शेवटचं पोस्ट, परीक्षा आहे.

घाटावरची | पाच आठवड्यांनी, शनिवार, रात्री ९:४५
धागा वर काढतेय. सगळ्यांचे आभार, आणि सगळ्यांची माफी, कारण कुणाचंच ऐकलं नाही.
चार ठिकाणी फोन केले. रात्रपाळीचे प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवले होते. एकाने "आमच्याकडे येऊन तर बघा, मग बोलू" म्हणून फोन ठेवला. एकीकडे सगळं उत्तम, पण क्लिनिक पाचव्या मजल्यावर. ऑनलाइनवाल्या मॅडम चांगल्या होत्या, पण घरात लेक, सासूबाई आणि कुकरच्या शिट्ट्या, त्यात मी कुठे रडू?
शेवटी गंगापूर रोडला एक ताई मिळाल्या. समुपदेशनात एम.ए., आरसीआय नाही. बैठकीला ११००. तळमजला. खरं सांगायचं तर तळमजला बघूनच हो म्हटलं. "तुमची पद्धत कोणती?" विचारलं तर म्हणाल्या, "पाटीवर लिहिण्यासारखी एक नाही. पॅनिकवर व्यायाम करून घेईन, पण आधी तुमच्याशी बोलायचंय. गोळ्या लागतील असं वाटलं किंवा माझ्या आवाक्याबाहेरचं निघालं तर डॉक्टरांकडे पाठवीन." पुण्यातल्या एका सीनियरकडे महिन्यातून दोनदा केसेस मांडतात, हेही न चिडता सांगितलं.
पहिल्या तीन बैठका घाटाचं नावही निघालं नाही. आईबद्दलच बोललो. बाबा गेले तेव्हा मी नाशिकहून निघाले होते आणि घाटातच फोन आला होता, हे मी इथे लिहिलं नव्हतं. कुणाला सांगितलंही नव्हतं. चौथ्या बैठकीला खुर्चीत बसवून गरगर फिरवलं. उलटी होईल असं वाटलं, झाली नाही.

परदेशी_पाणी | शनिवार, रात्री १०:१०
बघा, मुळाशी बाबाच! शेवटी सायकोडायनॅमिकच निघालं.

विवेकी_विठू | शनिवार, रात्री १०:१२
गरगर फिरवणं ही वर्तनाची बाजू. एलिसही घरचा अभ्यास द्यायचा.

रात्रपाळी | रविवार, सकाळी १०:२०
परीक्षा झाली. आरसीआय नाही हे मला अजून खटकतंय, पण त्यांनी दिलेली उत्तरं आवडली. एकच विचारते: तळमजला बघून निवडलं, हेही टाळणंच झालं हे कळतंय ना?

घाटावरची | रविवार, सकाळी १०:४१
कळतंय. त्यांनाही मी हे दुसऱ्याच बैठकीत सांगून टाकलं होतं. हसल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. काल कळलं काय लिहिलं होतं ते. पुढची बैठक समोरच्या इमारतीत, त्यांच्या मैत्रिणीच्या ऑफिसात. सहावा मजला. जिना वापरायचा नाही म्हणाल्या.

डबेवाली_मावशी | रविवार, सकाळी ११:००
पोटभर खाऊन जाऊ नकोस.

भाऊकाका_सिन्नर | रविवार, सकाळी ११:२५
ते सगळं ठीक आहे. बोगद्याचं काय ठरलं?