मदत हवी आहे: चिपळूण ते रत्नागिरी सायकलने, हायवे टाळून, झाडीतून

वाशिष्ठीकाठ
शनिवारी पहाटे निघायचंय. चिपळूणहून रत्नागिरी, पण मुंबई-गोवा हायवे नको. ट्रकच्या शेजारून जाऊन कंटाळा आलाय. घाट असला तरी चालेल, रस्त्याला झाडी हवी. मॅपवर चार रस्ते दिसतात, त्यातला रोड बाइकला कुठला धड आहे ते सांगा. मॅपच्या लिंका नकोत, ज्यांनी चालवलाय त्यांनीच लिहा. लवकर प्लीज.

सडेकर
कुठला महिना ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण आत्ता डिसेंबर धरतो. सागरी मार्ग घ्या: चिपळूण, मार्गताम्हाने, शृंगारतळी, गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ. तिथून फेरीबोटीने शास्त्री खाडी ओलांडून जयगड. पुढे मालगुंड, गणपतीपुळे, आरेवारे, रत्नागिरी. सगळं मिळून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास.
एका दिवसात करणार का? सायकल कुठली, टायर किती? एकट्या आहात का?

घाटवेडा_क
मी म्हणतो कुंभार्ली घाट करा. पोफळीपासून चढायला लागलात की कोयनानगरलाच चहा. जंगल बघायचं तर ते बघा, किनाऱ्याला नुसत्या नारळीपोफळी.

वाशिष्ठीकाठ
कुंभार्लीने कराडला जाईन, मला रत्नागिरीला जायचंय! मावशीकडे रविवारी जेवायला पोचायचंय.
सडेकर, धन्यवाद. टायर २५ मिलिमीटरचे. एका दिवसात होईल ना?

देवरुखचा_पाहुणा
किनाऱ्याने जाऊ नका. झाडी हवी असेल तर देवरुखची बाजू. चिपळूणहून रेल्वेने संगमेश्वर रोड स्टेशनला उतरा आणि तिथून देवरुख, साखरपा, पाली असं रत्नागिरी. देवरुख ते साखरपा डाव्या हाताला सह्याद्रीची भिंत सोबत असते. सकाळी आठपर्यंत धुकं खाली बसलेलं असतं, आणि ऐन-किंजळाच्या पानांवरून दव ठिबकताना ऐकू येतं. गेल्या वर्षी एका देवराईपाशी पाणी प्यायला थांबलो आणि अर्धा तास हललो नाही.

सडेकर
अहो, सायकल पार्सलमध्ये टाकायची आणि लहान स्टेशनावर गाडी दोन मिनिटं थांबायची, तेवढ्यात ती उतरवून मिळेल का? आणि साखरप्याच्या पुढे आंबा घाटाचा कोल्हापूर रस्ता लागतो, चौपदरीकरणाचा. हायवे टाळायचा म्हणून हायवेवर नेऊन सोडताय तुम्ही.

देवरुखचा_पाहुणा
पुढच्या प्रवासासाठी हायवेचा एखादा पट्टा सोसावा लागतोच. तुमच्या किनाऱ्याला जयगडपासून बंदराच्या डंपरची रांग असते, ते का सांगत नाही?

सडेकर
ती निवळीकडे जाणाऱ्या रस्त्याला. मी किनाऱ्याकडून न्यायला सांगतोय: जयगडहून नांदिवडे, उंडी, रीळ, वरवडे, मालगुंड. तिकडे तासाभरात दोन-तीन रिक्षा दिसल्या तर दिसल्या.

पाखाडी
झाडीचा विषय निघालाय म्हणून. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन फार थोडं, झाडी आहे ती बहुतेक खासगी मालकीची. मालक दर काही वर्षांनी तोडायला देतो. गुहागर रस्त्याला दोन वर्षांपूर्वी गच्च सावली असलेला एक वळसा होता, आता तिथे नुसते बुंधे आणि काजूची रोपं. ज्यांनी तीन वर्षांपूर्वी रस्ता पाहिलाय त्यांनी "गर्द झाडी" सांगताना जरा विचार करावा. देवरायाच तेवढ्या उरल्यात.

वाशिष्ठीकाठ
हे खरंच वाईट आहे, पण माझा प्रश्न राहिला. एका दिवसात होईल का? आणि भाच्याला ते चढ झेपतील का?

सडेकर
भाचा?

वाशिष्ठीकाठ
हो, सोबत आहे, लिहिलं नाही का? चौदा वर्षांचा. दणकट आहे, माझ्याबरोबर परशुराम घाट चढलाय.

फ्रीव्हील_काका
ताई, हे आधी सांगायला हवं होतं. आता नीट सांगा: तुमच्या सायकलला पुढे लहान चेनव्हील किती दात्यांचं, मागची मोठी चकती किती दात्यांची, आणि मुलाची सायकल कुठली? सायकल उलटी करून दाते मोजा, अंदाजाने नको.

घाटवेडा_क
चौदा वर्षांच्या पोराला सव्वाशे किलोमीटर? काय विचार करता तुम्ही?

वाशिष्ठीकाठ
मोजले. पुढे ५२ आणि ४२, मागे मोठी २४. बाबांची जुनी स्टीलची सायकल आहे, मागे सात गिअरचं फ्रीव्हील, म्हणजे सात चकत्यांचा गठ्ठा. भाच्याची एमटीबी, डोंगरी सायकल, पुढे तीन, सगळ्यांत लहान २४, मागे मोठी २८.
आणि घाटवेडा, मी तुम्हाला परवानगी विचारली नव्हती.

फ्रीव्हील_काका
मग ऐका. तुमच्या सायकलला हलक्यात हलका गिअर ४२/२४. पायाच्या एका फेऱ्यात चाक सुमारे ३.७ मीटर पुढे जातं. पाय मिनिटाला ६० वेळा फिरवायचे तर वेग ताशी १३ ठेवावा लागेल. उभ्या चढावर तो आपल्यासारख्यांचा राहत नाही, मग पाय जड पडतात आणि गुडघे दुखतात. भाच्याचा २४/२८ एका फेऱ्यात पावणेदोन मीटर. तो वर जाऊन तुमची वाट बघत बसेल. त्याची काळजी नको, तुमची आहे.
मागे ३४ दात्यांचं फ्रीव्हील लावलंत तर ४२ बरोबर २.६ मीटरवर येता, ६० फेऱ्यांना ताशी ९. हा फरक मोठा आहे. पण त्याला लांब पट्टीचा मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवतो तो) हवा आणि चेनला कड्या वाढवाव्या लागतील. तेवढा वेळ नसेल तर निदान २८ लावा, तेही चेनची लांबी तपासूनच.

सडेकर
काकांचं बरोबर. मी लिहायला विसरलो ते असं की इथे मोठा घाट एकच नसतो. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर चढा, खाडीला उतरा, परत सड्यावर. प्रत्येक चढ शे-दीडशे मीटर, पण उभा. संध्याकाळपर्यंत बेरीज केली तर आंबा घाट एकदा चढण्यापेक्षा जास्त भरते. हेदवीहून तवसाळच्या जेटीकडे उतरताना मी एकदा ब्रेक धरूनच ठेवला. खाली येऊन रिमला बोट लावलं तर चटका बसला, रबराचा वासही येत होता. दोन्ही ब्रेक आळीपाळीने, सोडत-सोडत दाबा. मुलाला आधीच सांगून ठेवा, मध्ये थांबायला लाजायचं नाही.

रुचिरा_खे
वेळणेश्वरला घावणे मिळाले तर जरूर खा, नारळाच्या रसाबरोबर. आमच्या शेजारणीच्या सासूबाईंनी केलेले अजून आठवतात.

देवरुखचा_पाहुणा
मुलगा सोबत आहे म्हटल्यावर मी माझा आग्रह सोडतो. पालीकडे ट्रक आहेतच. पण २५ चे टायर जांभ्याच्या खडीवर नेऊ नका, बसत असतील तर २८ चे घाला. आणि दोन दिवस करा. शनिवारी चिपळूण ते हेदवी, रात्री तिथेच राहा. सहानंतर लगेच अंधार पडतो, फेरीबोटीच्या वेळा बदलतात, आदल्या दिवशी जेटीवर विचारून घ्या.

सडेकर
हेच म्हणतो. रविवारी सकाळी लवकर बोट धरलीत तर मालगुंडला उन्हाच्या आत, आरेवारेचा चढ अकराच्या आधी. तो शेवटचा चढ सोपा नाही, पण वर पोचल्यावर समुद्र दोन्ही बाजूंना दिसतो. मुलाला तिथे थांबू द्या.

वाशिष्ठीकाठ
ठरलं, दोन दिवस. मावशीला फोन केला, जेवण दुपारी दोनला. हेदवीला ओळखीतून खोली मिळाली. शनिवारी पहाटे पाचला मिरजोळीहून निघतो, दोघांनाही पुढे-मागे दिवे लावलेत.
काका, २८ दात्यांचं फ्रीव्हील इथल्या दुकानात मिळालं, पण जुनं काढायचा पाना त्यांच्याकडे नाही. चिपळुणात कोणाकडे आहे का? फ्रीव्हीलला पाना बसवायच्या खाचा चार आहेत.

फ्रीव्हील_काका
चार खाचांचा माझ्याकडे आहे. मी खेर्डीला असतो, निरोप पाठवतो. चाक घेऊन या, सायकल आणायची गरज नाही. चेनही सोबत आणा.